पेन्सिलीनं लिहिलेली वर्षं

सोमकुंवर गुरुजींवर माझा राग आहे. ते गेले, राग गेला नाही. मेलेल्या माणसाशी वैर धरू नये असं मला आमच्या पांढुर्ण्यात चार जणांनी सांगून झालं आहे. मी संत्र्याचा व्यापारी. झाडावरचा माल पाहून बगीचे घेतो, तोंडावर जगतो, आणि फुकटचा उपदेश ऐकून घ्यायची मला सवय नाही. मी त्या चौघांना एकच विचारलं, "तुमचं काय गेलं?" माझ्या मुलीची सरकारी नोकरी गेली. गुरुजींनी पेनाऐवजी पेन्सिल उचलली म्हणून गेली.

तरी त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे, कारण त्यांना ओळखणारी माणसं आता कमी राहिली, आणि जी आहेत ती त्यांना साधुसंत करून टाकतात. ते साधुसंत नव्हते. हट्टी होते.

सौंसरला वस्तीच्या टोकाला त्यांच्या दोन खोल्या होत्या. माणूस उंच, मान लांब, त्यामुळे सदऱ्याची कॉलर नेहमी एक नंबर मोठी वाटायची. खिशात दोन वस्तू कायम: निळ्या शाईचं पेन आणि पेन्सिल. पेन्सिलीला मागून खोडरबर दोऱ्यानं बांधलेलं. जे नक्की, ते पेनानं लिहायचं. जे अंदाजे, ते पेन्सिलीनं. शाळेच्या हजेरीपासून किराण्याच्या यादीपर्यंत हाच कायदा. यादीत "साखर एक किलो" पेनानं आणि "पाहुणे तीन" पेन्सिलीनं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

मी मूळचा त्या वस्तीतलाच, त्यांच्याकडे आठवीपर्यंत शिकलो. आठवीत नापास झालो आणि शाळा सोडून पेट्या उचलायला लागलो, पण वर्गातला एक दिवस डोक्यातून जात नाही. शाळेची तपासणी होती. छिंदवाड्याहून निरीक्षक आले होते. गुरुजींनी इतिहासाच्या तासाला फळ्यावर लिहिलं होतं: येशूचा जन्म, इसवी सनापूर्वी सहा ते चार, अंदाजे. निरीक्षक हिंदी बोलणारे. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "गुरुजी, ईसा अपने से ही पहले कैसे पैदा हो गए?"

पोरं हसली. मीही हसलो, सगळ्यात जोरात.

गुरुजी म्हणाले, "साहेब, त्यांच्या जन्मानंतर पाचशे वर्षांनी एक साधू मोजायला बसला. त्याची मोजणी चुकली. तवापासून सारी दुनिया चुकलेल्याच मोजणीवर चालून राहिली."

"किताब में क्या लिखा है?"

"पुस्तकात नाही लिहिलं."

"तो मिटाइए."

गुरुजींनी डस्टर उचललं. "अंदाजे" हा शब्द तेवढा ठेवला आणि बाकीचं पुसलं. निरीक्षकांनी काय शेरा मारला ते आम्हाला कळलं नाही, पण पुढची दोन वर्षं गुरुजींना इतिहास मिळाला नाही. गणित आणि कवायत मिळाली.

बौद्ध घरातला माणूस, बापजन्मी चर्चमध्ये गेला नाही, त्याला येशूच्या सालाचं काय पडलं होतं, हे मला कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. मी पिकअप घेतली, बगीचे घ्यायला सौंसरकडे येऊ-जाऊ लागलो, तेव्हा एकदा विचारलं. त्यांनी पेटीतून स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मतारीख एक जुलै.

"आमच्या वक्ताले हेडमास्तर काय करे," ते म्हणाले, "पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाले लागला का सहा वर्षांचा झाला समजे, अन् शाळा एक जुलैले उघडे म्हणून तेच तारीख टाकून दे. माझ्या रजिस्टरच्या एका पानावर तेवीस पोरं हायेत. तेवीसच्या तेवीस एक जुलैले जन्मले. एकाच वस्तीत. विचार कर शालिक, काय गर्दी झाली असन सुइणीची!"

त्या खोट्या तारखेवर ते नोकरीला लागले आणि त्याच तारखेवर निवृत्त झाले. आई सांगायची त्या खुणा जुळवल्या तर दोन वर्षं आधी निवृत्त झाले. अर्ज करा म्हणालो. म्हणाले, "अर्जात खरी तारीख लिहाव लागते. ती कुठून आणू?"

तर असा, जन्माची तारीख नसलेला माणूस. तरुणपणी एका बंद होणाऱ्या मिशनच्या वाचनालयातली पुस्तकं रद्दीत जात होती, ती यानं पोत्यात भरून आणली. त्यांत त्याला कळलं की ज्याच्यावरून जग वर्षं मोजतं त्याच्याही जन्माची तारीख नाही. तिथून जी वही सुरू झाली ती शेवटपर्यंत संपली नाही.

मी काही शिकलेला नाही. पण दर खेपेला चहासोबत ही वही माझ्यासमोर यायची, त्यामुळे पाठ झाली आहे. बायबलातल्या एका शुभवर्तमानात येशू हेरोद राजा जिवंत असताना जन्मला. दुसऱ्यात जन्माच्या वेळी शिरगणती चालू होती. हेरोद वारला इसवी सनाच्या चार वर्षं आधी. तेही मरणाच्या सुमारास चंद्रग्रहण होतं म्हणून काढलेलं, आणि ते ग्रहण कोणतं यावर पुन्हा भांडण. शिरगणती झाली सनाच्या सहाव्या वर्षी.

"म्हणजे दहा वर्षांचा फरक," मी म्हणालो.

"नऊ. मधात शून्य वर्ष नाही."

"नऊ तर नऊ. अर्ध्यावर तोडा."

ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जसा मी सडकी संत्री वरच्या थरात लावणाऱ्याकडे बघतो.

मरणाच्या सालाचंही तेच. पिलात नावाचा सुभेदार दहा वर्षं होता, त्या दहातच कधीतरी सुळावर चढवलं. सण यहुद्यांच्या वल्हांडणाचा, वार शुक्रवार. चंद्राचा हिशेब लावला की दोन वर्षं बसतात, तीस आणि तेहेतीस.

"मग एकतीस-बत्तीस करून टाका ना गुरुजी. दोघंही खूश."

"एकतीसमधे तो शुक्रवार बसतच नाही," ते म्हणाले. "तुझा सौदा होऊन जाईन, पण माणूस भलत्याच दिवशी मरन."

येशूची शिकवण गावोगाव नेणाऱ्या पौलाचं तर त्याहून वाईट. तो स्वतः पत्रात लिहितो, तीन वर्षांनी अमुक केलं, चौदा वर्षांनी तमुक केलं. पण चौदा वर्षं कुठून मोजायची, पहिल्या गोष्टीपासून की त्या तीन वर्षांच्या पुढून, ते लिहीत नाही. आणि त्या काळचे लोक अर्ध्या वर्षालाही वर्षच म्हणायचे. ग्रीसमध्ये फुटक्या दगडाचे तुकडे सापडले, त्यावर एका सुभेदाराचं नाव होतं; त्याच सुभेदारापुढं पौलाला उभं केलं होतं. तेवढी एक खुंटी मिळाली, एक्कावन्न-बावन्न. बाकी सगळं त्या खुंटीला दोर लावून मागं-पुढं ओढायचं.

वहीत पेनानं लिहिलेली वर्षं फार थोडी. रोम जळालं, चौसष्ट. यरुशलेमचं मंदिर पाडलं, सत्तर. मी एकदा म्हणालो, "गुरुजी, जन्म सारे पेन्सिलीनं अन् नासधूस पेनानं."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "जाळणारा तारीख लिहून ठेवते. जन्म देणाऱ्या बाईले कोण विचारते?"

त्या विचारण्याचं खूळ मात्र त्यांना होतं. निवृत्त झाल्यावर ते वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गाठायला लागले. सकाळी कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसायचे. शेवंताबाई नावाच्या एका म्हातारीशी त्यांचं बोलणं मी ऐकलं आहे.

"बाई, तुमचं लगन कधी झालं?"

"आता मले काय मालूम बापा. उन्हाळा होता."

"गोटमारीच्या आधी का नंतर?" गोटमार म्हणजे आमच्या पांढुर्ण्याची जत्रा: नदीतल्या झेंड्यासाठी पलीकडच्या सावरगावाशी दगडफेक.

"लगनाच्या साली सावरगाववाल्यानं झेंडा नेऊ देला नव्हता. आमच्या बुढ्याचं डोस्कं फुटलं होतं. हळदीच्या अंगानं कायले गेला नदीवर, म्हणून त्याची माय बोंबलली."

"हळद उन्हाळ्यात, गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. हळदीचं अंग कसं बाई?"

"मंग तो मोठा दीर असन. डोस्कं फुटलं हे खरं."

गुरुजींनी पेन्सिलीनं लिहिलं आणि शांतपणे म्हणाले, "कोणाचं तरी फुटलं." म्हातारी खुदखुदली. ते हसले नाहीत. त्यांच्या लेखी शेवंताबाई आणि तो ग्रीसचा दगड, दोघांची किंमत सारखीच होती: तुटकी, पण साक्ष.

ही वही पुढं वस्तीच्या कामाला आली, आणि तिथंच माझं वाकडं झालं.

आमच्या मध्य प्रदेशात जातीचं प्रमाणपत्र पाहिजे असेल तर पुरावा लागतो. घराणं पन्नास सालच्या ऑगस्टच्या आधीपासून इथं राहत होतं, याचा. आमची वस्ती सगळी विदर्भातून आलेली. वरुड, काटोलकडून कुणी सालदार म्हणून आला, कुणी रेल्वेच्या कामावर. तेव्हा वरुड आणि सौंसर एकाच प्रांतात होते, मध्ये सीमाच नव्हती. ती छप्पन साली आली आणि आमच्या आजोबा-पणजोबांना मागाहून येऊन परदेशी करून गेली. कागद कुणाकडे असणार? ज्याची जमीन त्याचं नाव. नांगर ज्यानं धरला त्याचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही.

गुरुजींनी वही घेतली आणि अकरा घरांचे पुरावे काढून दिले. एकाच्या आज्याचं नाव विहिरीच्या दगडावर सापडलं. एकाच्या मोठ्या काकाचं सत्तेचाळीसच्या शाळेच्या हजेरीत. एकाची जन्माची नोंद कोतवालाच्या जुन्या बुकात. प्रत्येकाला त्यांनी सहीचं पत्र लिहून दिलं, पेनानं. तहसीलमधल्या बाबूला त्या पत्राची इतकी सवय झाली की तो म्हणायचा, "सोमकुंवर मास्टरजी का है? रख दो."

माझी मुलगी प्रज्ञा नर्सिंग शिकली. सरकारी दवाखान्यात तिची निवड झाली, राखीव जागेवर. कागद तपासणीची तारीख आली. प्रमाणपत्र पाहिजे. मी हसत हसत सौंसरला गेलो. संत्र्याची पेटी घेऊन गेलो, निवडून भरलेली. माझं डोकं हिशेबाचं, पुरावाही मीच काढला होता.

"गुरुजी, बाबा सांगे, इकडं आलो अन् तीन वर्षांनी दादा झाला. दादाची तारीख शाळेत हाय, एक जुलै त्रेपन्न. त्रेपन्नातून तीन काढा. एक जुलै पन्नास! ऑगस्टच्या आधी! महिनाभर का होईना, आधी!"

त्यांनी दाखला हातात घेतला. दाखल्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"एक जुलै," ते म्हणाले.

मला तिथंच कळायला पाहिजे होतं.

मग त्यांनी वही उघडली. माझ्या बापाचं, डोमाजीचं, पान त्यांच्याकडे आधीपासून होतं. बापानं जिवंतपणी त्यांना सांगितलेलं: पहिल्यांदा झेंडा फडकला तो वरुडला पाहिला, मग इकडे आलो. म्हणजे ऑगस्ट सत्तेचाळीसच्या नंतर. बोरगावच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलेलं: पहिल्या मतदानाच्या पेट्या ज्या बंडीत नेल्या, ती बंडी डोमाजी हाकत होता. म्हणजे एक्कावन्नच्या हिवाळ्याच्या आधी. मध्ये सव्वाचार वर्षं. आणि ऑगस्ट पन्नास त्याच्या आत.

"तीन वर्षं आधीची, एक-सव्वा वर्ष नंतरचं," मी म्हणालो. "बारा आण्याच्या जवळ माझं पारडं हाय गुरुजी. मी याच्याहून कमीवर बगीचे घेतले."

"हा बगीचा नाही. बारा आणे भरला म्हणून घेऊन टाकाले."

"लिहून द्या ना, पन्नासच्या आधी. कोण पाहाले येते?"

"सत्तेचाळीस ते एक्कावन्न, असं लिहून देतो. पाहिजे तर सही पेनानं करतो."

"त्याच्यानं काय होते? बाबू फेकून देईन!"

"देईन."

मी उठलो. माझा आवाज मला माहीत आहे. बगीच्याच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर जातो. वस्ती गोळा झाली. मी म्हणालो, "तुमच्या त्या साधूनं येशूचं साल चुकवलं, तरी दुनियेचं चाललं ना? दीड हजार वर्षं चालून राहिलं! मंग माझ्या बापाचंच काहून चालत नाही?"

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मला वाटलं, सौदा बसतो आहे. समोरचा गप्प झाला की सौदा बसतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव.

"त्या साधूले कोणी ओळखत नाही, म्हणून चालते," ते म्हणाले. "मले तहसीलवाले ओळखतात. उद्या कोणी तक्रार केली, तुझं पत्र खोटं निघालं, तर त्या अकरा घरांचे कागद पुन्हा काढतीन. त्यांचं खरं पण खोटं होईन शालिक. त्यातले चार पोरं नोकरीवर हायेत."

"अन् माझी पोरगी?"

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

मी वही उचलून अंगणात भिरकावली. जुनी वही, शिवण सुटली. हेरोद, पिलात, शेवंताबाई, माझा बाप, सगळे अंगणभर. संत्र्याची पेटी मी परत घेतली. फाटकातून गाडी काढताना आरशात पाहिलं, ते उकिडवे बसून पानं गोळा करत होते. घाईनं नाही. एकेक पान उचलायचं, वाचायचं, मग खाली ठेवायचं. त्या गर्दीतही त्यांना पानं क्रमानं लावायची होती.

प्रज्ञाची जागा गेली. दुसऱ्या कुणाला मिळाली. ती आता नागपुरात एका खासगी दवाखान्यात आहे. बारा तासांची ड्यूटी, पाय सुजतात. ती मला एकदाच म्हणाली, "बाबा, गुरुजी खोटं नव्हते बोलले." मी तिला म्हणालो, "खरं बोलून त्यांचं काय गेलं?" तिचा त्यांच्यावर राग नाही, हाही माझा एक राग आहे.

त्यानंतर पाच वर्षं मी त्यांच्या दारात गेलो नाही. सौंसरला गेलो तर वस्तीच्या बाजूनं गाडी घेत नव्हतो. त्यांच्या पत्नी वत्सलाबाई गेल्याचं कळलं, तरी गेलो नाही. प्रज्ञा गेली होती. तिनं सांगितलं, भिंतीवर तारीख आणि वेळ लिहून ठेवली आहे, सकाळी सात चाळीस. पेनानं.

मग एका मे महिन्यात फोन आला. गुरुजी घरात मेलेले सापडले. मूलबाळ नव्हतं, शेजारचे लग्नाला गावी गेले होते, दाराला आतून कडी. वास आला तेव्हा लोकांनी दार तोडलं. मी का गेलो, ते सांगता येत नाही. गाडी घेतली आणि गेलो.

अंगणात लोक नाकाला रुमाल लावून उभे. पोलिसांतला एक जण पंचनामा लिहीत होता. उन्हानं त्याची मान लाल झाली होती. त्याला मरणाचा दिवस पाहिजे होता.

"मंगळवारी दूध घेतलं," दूधवाला म्हणाला. "गुरुवारी पिशवी दाराले टांगली, ते तशीच होती."

"और बुधवार सुबह आवाज दी कि नहीं?" पोलीसवाल्यानं विचारलं.

"बुधवारी मी आलोच नाही साहेब. भाचीचं लगन होतं."

भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर होतं. त्यावर बुधवार. पण गुरुजी पान सकाळी फाडायचे की आदल्या संध्याकाळी, यावर अंगणात वाद सुरू झाला. एक म्हणे सकाळी. दुसरा म्हणे, मी स्वतः पाहिलं, दिवेलागणीला फाडे. माणूस आत पडलेला, माश्या घोंघावताहेत, आणि बाहेर लोक कॅलेंडरच्या पानावरून भांडताहेत. त्या अकरा घरांतली माणसंही होती. सगळे शेवटी माझ्याकडे बघायला लागले. आवाज मोठा असला की लोक निकाल आपल्याकडे सोपवतात.

"अंदाजे नहीं चलेगा," पोलीसवाला म्हणाला. "एक दिन बताओ. बॉडी रुकेगी नहीं."

मंगळवारनंतर, गुरुवारच्या आधी-मागे. मी मधला काढला.

"बुधवार लिहा साहेब."

त्यानं लिहिलं, पेनानं. माझी सही घेतली. मला काहीच कठीण गेलं नाही. खरं सांगायचं तर सही करताना मी मनात म्हणालो, पाहा गुरुजी, इतकं सोपं असतं. एक आकडा. कुणाचं काय बिघडलं?

आता विहाराच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी आहे. तिच्यावर तीच तारीख रंगवली आहे. दरवर्षी त्या दिवशी लोक मेणबत्त्या लावतात, अकरा घरांतली पोरं भाषणं करतात, गुरुजींनी कधी खोटी तारीख लिहिली नाही असं सांगतात. पाटीवरची मोजणी माझी आहे, हे कुणाच्या लक्षात नाही. मी मागं उभा असतो. त्या पाचशे वर्षांनंतरच्या साधूबद्दल आता मी काही बोलत नाही.

वही प्रज्ञानं मागून घेतली. मी महिनाभर वहीला हात लावला नाही. मग एका दुपारी बापाचं पान काढलं. पान नव्यानं शिवलेलं होतं, कोपऱ्यावर अंगणातली माती तशीच. "ऑगस्ट ४७ नंतर" खोडलं होतं. त्याच्या जागी "४८ ची होळी", तेही खोडलेलं. मग "४९ चा पोळा". दुसऱ्या बाजूला "५१ चा हिवाळा" खोडून "५१ ची होळी". पाच वर्षं ते दोन्हीकडून दोर ओढत होते. सव्वाचार वर्षांचं दीड वर्ष केलं होतं. आणि ऑगस्ट पन्नास अजूनही त्याच्या आतच. बारा आण्याचं माझं पारडंही राहिलं नव्हतं. समासात नावं: बोरगावचा कुणी, पांढुर्ण्याची कुणी, लोधीखेड्याचा कुणी वारलेला, त्याच्या सुनेनं सांगितलेलं. शेवटची नोंद: मोहगाव बाजार, अनुसयाबाई, वय अंदाजे अठ्ठ्याऐंशी, डोमाजीच्या गावची. पुढे काही नाही. रबर इतकं फिरलं होतं की त्या जागी कागद पातळ झाला होता, आणि पानाच्या पलीकडचं, पौलाच्या चौदा वर्षांचं, उलटं अक्षर तिथून दिसत होतं.

मोहगावचा तो बाजार मला माहीत आहे. मी तिथं होतो. पिकअप रस्त्याच्या कडेला लावून ड्रायव्हरची वाट बघत बसलो होतो. समोर, मिरच्यांचे ढीग लावून बसलेल्या एका म्हातारीपुढे गुरुजी उकिडवे बसले होते. कॉलर आता दोन नंबर मोठी वाटत होती. म्हातारी हात नाचवून काहीतरी सांगत होती, गिऱ्हाइकं वैतागत होती, एक जण म्हणाला, "बुढा, मिरच्या घेतो का लगन लावतो?" गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, मांडीवरच्या वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मला वाटलं, अजून यांचा येशू संपला नाही.

मग त्यांनी मान वर केली आणि माझी गाडी ओळखली. गुडघ्यावर हात देऊन उठले, वही छातीशी धरली आणि माझ्या दिशेनं दोन पावलं आले. तोंड उघडलं होतं. काहीतरी सांगायचं होतं, किंवा विचारायचं होतं.

तो दिवस कोणता, हे मी बसून काढायचा प्रयत्न केला आहे. हिवाळ्यात निघणारी आंबियाची संत्री संपल्यानंतरचा, उन्हाळ्याच्या तोंडची मृगाची तोड संपायच्या आधीचा. ते गेले त्या वर्षी की आदल्या वर्षी, तेही छातीठोक सांगता येत नाही. पेन्सिलीनंच लिहावं लागेल.

मी गाडीची काच वर केली. एवढं मात्र पेनानं.